आधी गच्ची बघ, मग मिरची लाव

निफाड तालुका, जि. नाशिक
१४ एप्रिल २०२४

प्रिय नंदा,

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी हातात पडलं. लगेच उत्तर लिहायचं मनात होतं, पण दारात मसाल्याची मिरची न्यायला बायका येत होत्या आणि सासूबाईंना एकटीला तराजू झेपत नाही. आज जेवणं उरकल्यावर निवांत बसले आहे. हाताला अजून मिरचीचा वास आहे, तो कागदालाही लागेल.

तू विचारलंस, बाबांची पाऊण एकर पडून आहे, मिरची लावू का? लाव. पण लावायच्या आधी घराची गच्ची बघून ठेव. किती ताडपत्र्या मावतात, ऊन किती वेळ राहतं, रात्री मिरची आत घ्यायला खोली आहे का, ते बघ. हे वाचून तुला नवल वाटेल. मलाही मागच्या वर्षी कुणी असं सांगितलं असतं तर वाटलं असतं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आम्ही २० गुंठ्यांत लावली. पाच फुटांवर बेड, सव्वा फुटावर रोप, खाली ठिबक आणि वर मल्चिंग पेपर. साडेतीन हजाराला थोडी कमी रोपं बसली. बी देऊन रोपवाटिकेतून रोपं तयार करून घेतली, रोपाला १ रुपया ४० पैसे पडले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागवड झाली. जागा निवडताना यांचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांना टोमॅटो निघालेलं रान द्यायचं होतं, कारण तिथे बेड तयार होते. टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची ही सगळी एकाच कुळातली. एकीचे रोग दुसरीसाठी रानात वाट बघत बसलेले असतात. मी अडून बसले आणि सोयाबीनचं रान घेतलं. तू सुद्धा त्या रानात आधी काय होतं ते बाबांना विचारून घे.

मग तो ऑगस्ट आला. तुमच्याकडेही कोरडाच गेला असेल. देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट तो. ठिबकमुळे रोपं वाळली नाहीत, पण हवा कोरडी पडली की पानांतला रस शोषणारे बारीक फुलकिडे वाढतात. एके सकाळी बघते तर शेंड्याची पानं द्रोणासारखी वर वळलेली. गावात पान वळण्याच्या सगळ्या प्रकारांना सरसकट बोकड्या म्हणतात आणि दुकानदार देईल ते औषध मारतात. मी कृषी विज्ञान केंद्रातल्या ताईंना पान नेऊन दाखवलं. त्यांनी जे शिकवलं ते तू आजच पाठ करून ठेव. पान वरच्या बाजूला वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी नावाची बारीक कीड. आणि पानं बारीक, पिवळी होऊन झुपक्यासारखी आली, झाड खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. ते झाड उपटून लांब नेऊन पुरायचं, जीव कितीही तुटला तरी.

आमची दोनशेच्या आसपास झाडं मी स्वतः उपटली. गुडघ्याएवढी झालेली, फुलावर आलेली झाडं होती गं. बाकीच्यांसाठी फुलकिड्यांना निळे आणि पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे लावले, पाच टक्के निंबोळी अर्क सुरू केला. कडेने मक्याच्या दोन ओळी आधीच होत्या, त्या उडून येणारी माशी अडवतात. विकतची फवारणी अजिबात केली नाही असं म्हणणार नाही. तीन वेळा केली, पण कीड ओळखून केली.

पहिला तोडा सप्टेंबरच्या मध्यावर निघाला, ७० किलो. भाव ३६ रुपये लागला. मी ती विक्रीची पट्टी देवापुढे ठेवली होती. पुढे दर नऊ-दहा दिवसांनी तोडा येत गेला. माल वाढला तसा भाव उतरत गेला, कारण सगळ्यांचीच मिरची एकदम बाजारात आली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातला हिशोब सांगते. ९ क्रेट, १८० किलो, भाव ११ रुपये, म्हणजे १,९८० रुपये. तोडायला पाच बाया, प्रत्येकी ३०० प्रमाणे १,५००. टेम्पोचं भाडं २२५. हमाली-तोलाई ६०. राहिले १९५. त्यात पाणी, खत, औषध, आमचे दोघांचे हात काहीच धरलेलं नाही.

पैसे कमी आले याचं दुःख होतंच. पण मला लागलं ते वेगळं. लिलावात आपल्या वकलापुढे, म्हणजे मालाच्या ढिगापुढे, माणसं येतात, एक मूठ उचलतात, आकडा बोलतात आणि पुढे जातात. आपण काय बोलणार? हिरवी मिरची आज नाही दिली तर उद्या नरम पडते, परवा देठ काळे पडतात. घेणाऱ्याला हे ठाऊक असतं. माल परत घरी आणायचा तर पुन्हा भाडं. म्हणून ११ म्हटले की ११. त्या दिवशी टेम्पोत परत येताना यांनी विचारलं, "पुढचा तोडा करायचा का?" मला उत्तर देता आलं नाही.

२६ नोव्हेंबरला गारपीट झाली. रविवार होता. शेजाऱ्यांच्या द्राक्षबागा झोपल्या, तू पेपरात वाचलंच असशील. आमच्या मिरचीच्या फांद्या मोडल्या, फळांवर ठोके पडले. ठोका पडलेल्या जागी दोन-तीन दिवसांत काळा खोलगट डाग येतो आणि फळ कुजतं. सकाळी रानात मल्चिंगच्या भोकांतून पाणी उभं होतं आणि हिरव्या मिरच्यांचा नुसता सडा पडलेला. मी बांधावरच बसले. सासूबाई हळूहळू चालत मागून आल्या. वाकून एक झाड हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "मूळ घट्ट आहे. फुटंल." आम्ही आठ दिवस मोडलेल्या फांद्या काढल्या, कुजकं फळ वेचून बाहेर नेलं, बुरशीनाशक मारलं. ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली, म्हणजे यांच्या कांद्याचाही भाव बसला. तो महिना घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

मिरची मात्र फुटली. डिसेंबरच्या मध्यावर नवीन फूल दिसलं. मग थंडी आली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला हे तुम्ही पेपरात वाचता, ती थंडी आमच्या रानात असते. फूल थोडं गळलं, फळ सावकाश पोसलं. जानेवारीच्या शेवटी झाडं पुन्हा हिरव्या मिरचीने लगडली आणि बाजारात भाव चालला होता १४. तेव्हा मी म्हटलं, ही मिरची तोडायची नाही. झाडावर लाल होऊ द्यायची.

भाऊजी म्हणाले, वहिनी, फळ पिकायला ठेवलं की झाड नवीन फूल धरत नाही, पुढचे तोडे जातील. खरं होतं ते. पण १४ रुपयांचे पुढचे तोडे घेऊन मी काय करणार होते?

फेब्रुवारीच्या मध्यापासून महिनाभरात तीन वेळा लाल मिरची तोडली. सगळी मिळून ७८० किलो ओली. नंदुरबारकडे मिरची वाळवायच्या मोकळ्या रानाला पथारी म्हणतात, तिथे लाल गालिचा अंथरल्यासारखं दिसतं. आमची पथारी म्हणजे गच्ची आणि चार ताडपत्र्या. तोडलेली मिरची आधी एक दिवस सावलीत ढीग करून ठेवायची, म्हणजे अर्धवट लाल असलेलीही रंग धरते. मग पातळ पसरायची, दिवसातून दोनदा हलवायची, दव पडायच्या आत गोळा करून झाकायची. मातीवर टाकायची नाही, कितीही सारवलेली असली तरी. ओल लागली की आतून बुरशी धरते आणि ती बुरशी विषारी असते, कुटल्यावर दिसतही नाही. दहा-बारा दिवसांनी मिरची कानाजवळ हलवली की बिया खुळखुळ वाजतात आणि देठ कट्‌कन मोडतो. तेव्हा ती वाळली समजायची.

इथे माझी एक चूक झाली, ती तू करू नकोस. बहुतेक रान ज्वाला वाणाचं होतं. लांब, सुरकुतलेली, पातळ सालीची मिरची, हिरवीही विकते आणि वाळतेही छान. पण चार ओळी एका जाड सालीच्या संकरित वाणाच्या होत्या, हिरव्याला वजन भरतं म्हणून लावलेल्या. ती जाड मिरची वाळता वाळेना. बाहेरून कडक, आतून दमट, आणि बरीचशी पांढरट पडली. सगळी मिळून १९० किलो वाळली, म्हणजे चार किलो ओलीची जेमतेम एक किलो. त्यातली १८ किलो निवडून काढली. एक जण ती भुकटीसाठी स्वस्तात मागत होता. मी दिली नाही, खड्ड्यात पुरली. कुणाच्या तरी ताटात गेली असती ती.

पहिलं पोतं एका व्यापाऱ्याला दाखवलं. त्याने मूठ दाबून "ओल आहे" म्हटलं आणि १३० सांगितले. ओल नव्हती. आणि नंदा, त्या क्षणी मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी पोत्याचं तोंड बांधलं आणि घरी घेऊन आले. मिरची उद्याही तशीच राहणार होती, महिन्यानेही तशीच राहणार होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी माझ्या मालाच्या भावाला "नाही" म्हणू शकले.

मग बुधवारी नाशिकला गंगाघाटावरच्या बाजारात बसले. पहिल्या दिवशी ६ किलो गेली. तिथेच एका काकूंनी सांगितलं, अगं, मसाल्याचे दिवस आहेत, मसाला कुटून देतात त्या कांडपापाशी बस. पंचवटीत एका कांडपवाल्या ताईंना विचारलं, त्यांनी ओट्यावर जागा दिली. तिथे बायका धने, सुकं खोबरं, दगडफूल, तेजपान, नाकेशर घेऊन येतात, आणि मिरची घेताना अशा पारखतात की कुठला व्यापारी पारखणार नाही. मोडून बघतात, वास घेतात, देठ ओढून बघतात, उन्हात धरून रंग बघतात. रंगासाठी ब्याडगी मिरची त्यांच्याजवळ असायचीच, ठसक्यासाठी माझी घ्यायच्या. एक निवृत्त शिक्षिका बिया काढून देता का म्हणाल्या, तिखटपणा बियांत असतो म्हणून. मी मिरची उभी चिरून दाखवली. आत बिया जिला चिकटतात ती फिकी शीर असते ना, तिखट तिथे असतं, बियांना ते नुसतं लागतं. त्यांनी ५ किलो घेतली, आणि घरी जाऊन सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. त्या एका सोसायटीतून पुढे ३० किलोची मागणी आली.

भाव मी ठरवला, किलोला २४०. कालपर्यंत १४० किलो गेली, ३३,६०० रुपये. २० किलो घरात आणि नातेवाइकांत, १२ शिल्लक आहे. तीच ७८० किलो हिरवी विकली असती तर १४ च्या भावाने ११ हजारही झाले नसते. तोडणीला मजुरी दोन्हीकडे लागतेच, लाल वेचायला थोडी जास्त. पण वाळवण्याचे, निवडण्याचे हात आमचेच होते आणि ते कष्ट थोडे नाहीत, हेही लिहून ठेवते. दोन्ही पोरींच्या डोळ्यांची आग झाली. हातांसाठी एक कर, तोडायच्या आधी खोबरेल लाव, आणि आग झाली तर आधी तेलच चोळ, मग साबण. तिखट नुसत्या पाण्यात विरघळत नाही.

तर तू पाऊण एकर सगळी लावू नकोस. १० गुंठे लाव, पातळ सालीची. सुरुवातीचे तोडे हिरवे विक, तेव्हा भाव असतो आणि हातखर्चाला पैसे लागतात. भाव पडला की हात आवर आणि लाल होऊ दे. ज्या बायकांना विकायची त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेव. तुझ्या शाळेतल्या बायकाच पहिल्या गिऱ्हाईक होतील बघ.

तुझ्यासाठी ज्वालाचं बी काढून ठेवलं आहे. रानाच्या मधल्या ओळींतल्या निरोगी झाडांचं घेतलं, कारण मिरचीत परपरागीकरण होतं, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातो, आणि कडेच्या ओळींत त्या जाड वाणाचा भेसळ अंश येऊ शकतो. त्या संकरित वाणाचं बी ठेवलं नाही, ते पुढच्या वर्षी तसं उतरत नाही. पुढच्या आठवड्यात भाऊजी तुमच्याकडे येणार आहेत, त्यांच्याबरोबर पुडी देते. सोबत दोन किलो मिरची आणि सासूबाईंनी केलेला काळा मसाला. मेच्या शेवटी बी टाक, वर जाळी धर, चाळीस दिवसांनी रोपं लावायला येतील. लागवडीच्या दिवशी मला फोन कर. जमलं तर मीच येईन, दोन ओळी तुझ्याबरोबर लावीन.

बाबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुमी