पेट्रोलपंपाला हातभार लावणाऱ्यांचे जाहीर आभार

बर्मा-शेल या जुन्या तेल कंपनीच्या पंपाची छोटी प्रतिकृती उभी राहिली! 1:24 प्रमाणात, म्हणजे खरा एक फूट इथे अर्धा इंच. किट नाही, सगळं हाताने कापलेलं.

गोखले रोडवरचे फ्रेमवाले दादा, तुमच्या माउंटबोर्डच्या तुकड्यांच्या भिंती झाल्या. पण सर्वांत मोठा वाटा शेजारच्या काकूंच्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांचा. जुन्या पंपांच्या डोक्यावर काचेचं नळकांडं असे. दांडा मारून पेट्रोल त्यात चढवायचं, गिऱ्हाइकाने माप डोळ्यांनी बघायचं, मग ते स्वतःच्या वजनानेच गाडीत उतरायचं. ती काच प्लास्टिकने जमत नाही, कुणी काहीही म्हणो. काकू, एक ड्रामच्या बाटलीने जमली. (उरलेल्या साखरेच्या गोळ्या चिरंजीवांनी फस्त केल्या.)

घड्याळवाल्या काकांनी चाकं दिली, फ्लेक्सवाल्याने इवलासा पिवळा बोर्ड फुकट छापला. आणि तलावपाळीवरचे ते आजोबा! फोटो बघून म्हणाले, "मारुती 800 ठेवू नकोस हो, ती 1983 ची. बर्मा-शेल 1976 लाच सरकारने घेतली." म्हणून फियाटच उभी केलीय, आजोबा.

सगळे घरी बघायला या. हात लावा बिनधास्त, फक्त छपराला नको; डिंक अजून ओला आहे.