त्रुटी सापडली, तर कळवायची कोणाला?

महोदय,

नोव्हेंबर 1988 मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने, म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणाऱ्या प्रोग्रामने, इंटरनेट लटपटले. वापरकर्त्यांची माहिती देणारी ‘फिंगर’ सेवा आलेला मजकूर लांबी न तपासताच 512 बाइटच्या जागेत भरत असे. ही त्याच्या शिरकावाची एक वाट. संगणकावर आधीच प्रत असली, तरी सातांतून एकदा तो पुन्हा ठाण मांडे. प्रती साचत गेल्या आणि यंत्रे ठप्प झाली. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा सुरक्षा-घटना हाताळणारे ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र उभे राहिले. पुढे सॉफ्टवेअरमधील त्रुटी कळवूनही कंपन्या दाद देईनात, म्हणून हॅकर मंडळी त्रुटी थेट चव्हाट्यावर मांडू लागली. 1995 मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस लावले; 2014 पासून गूगलचा ‘प्रोजेक्ट झीरो’ हा त्रुटी शोधणारा गट कंपन्यांना दुरुस्तीला 90 दिवसांची मुदत देतो. लपूनछपून चालणारे काम असे रीतसर पेशा झाले. गोव्यात 2010 पासून ‘नलकॉन’ परिषद भरते, ती याच पेशाची.

आपल्याकडे ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था कळवलेल्या त्रुटी स्वीकारते, हे चांगलेच आहे. पण नगरपालिकेच्या मालमत्ताकराच्या पानावर पावतीचा क्रमांक बदलताच दुसऱ्याची पावती उघडली, तर ते तिथल्या तिथे कळवायला पत्ता हवा. शिवाय धास्ती असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 नुसार विनापरवानगी प्रवेशासाठी भरपाई मागता येते. हेतू अप्रामाणिक ठरला, तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भला माणूस मग गप्प बसतो आणि चोराचे फावते.

उपाय बिनखर्चाचा आहे. ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ ही साधी मजकूर फाइल संकेतस्थळाच्या ‘वेल-नोन’ फोल्डरमध्ये ठेवावी. ‘कॉन्टॅक्ट’ (संपर्काचा पत्ता) आणि ‘एक्स्पायर्स’ (फाइलची मुदत) या दोन ओळी अनिवार्य. मुदत वर्षाच्या आतली ठेवावी. घोळ ठरावीक ठिकाणी होतो. या फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होते आणि अनेक सर्व्हर अशी नावे सरसकट अडवतात, म्हणून त्याला अपवाद द्यावा लागतो. ईमेल अधिकाऱ्याच्या नावाचा नको, पदाचा हवा. नाहीतर बदली झाली की पत्रे पडून राहतात. मुदत उलटलेली फाइल पाहून कळवणारा त्या पत्त्यावर भरवसा ठेवत नाही.

अमेरिकेने 2020 मध्ये संघराज्याच्या नागरी खात्यांना त्रुटी स्वीकारण्याचे धोरण जाहीर करणे बंधनकारक केले. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागानेही तसे परिपत्रक काढावे आणि माहिती न उतरवता, सेवा न अडवता त्रुटी कळवणाऱ्यावर तक्रार केली जाणार नाही, अशी लेखी हमी त्यात द्यावी.

– माहिती सुरक्षा क्षेत्रातील एक वाचक, पुणे