दारूचा कारखाना पाहिला, आता आपलं जिनिंग दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी सहलींमध्ये दारूचे कारखाने दाखवण्याची गरजच काय, असा सवाल करणारं एका भगिनीचं पत्र आपल्या अंकात वाचलं. त्यांची कळकळ मला समजते. मी वर्ध्याचा, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्यातला. बंदी असूनही चोरटी दारू गावोगाव पोचते. नोकरीत शिवारं फिरताना तिनं उद्ध्वस्त केलेले संसार मी जवळून पाहिले आहेत. मी स्वतः घेत नाही. तरीही लेकीकडे डब्लिनला गेलो असताना जावईबापूंनी गिनेस बिअरचा कारखाना दाखवला, याचं मला समाधान वाटतं.

खरा कारखाना शेजारी सुरूच असतो. पाहुण्यांना दाखवतात ती १९०४ सालची, बिअर आंबवण्यासाठी बांधलेली सातमजली इमारत. काम संपल्यावर ती पाडली नाही, २००० साली लोकांसाठी उघडली. आर्थर गिनेस यांनी १७५९ साली ही जागा वर्षाला ४५ पौंड भाड्यानं तब्बल ९००० वर्षांसाठी घेतली होती. तो करारनामा तळमजल्यावर पायाखाली, काचेच्या आत ठेवला आहे. पुढे सातूचे दाणे, विकलो डोंगरातून येणारं पाणी, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्ट असा प्रवास सुरू होतो. सातू २३२ अंशांवर भाजतात, म्हणून या बिअरचा रंग काळसर. लाकडी पिंपं बांधणारे कारागीर जुन्या चित्रफितीत दिसतात. हातात माप नाही, कागद नाही, तरी फळीला फळी अशी बसते की थेंब गळत नाही. तिथं मी बराच वेळ उभा राहिलो. सगळ्यात वरच्या मजल्यावर तिकिटातला पेला मिळतो. मी साधं पेय मागितलं, त्यांनी दिलं, कोणी आग्रह केला नाही.

आता मुख्य गोष्ट. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या प्रत्येकानं ‘स्टुडंट्स टी टेस्ट’ची गणितं सोडवली आहेत. दोन वाणांच्या उत्पन्नातला फरक खरा की योगायोगाचा, हे थोड्या वाफ्यांच्या आकड्यांवरून ठरवण्याची ती रीत. ती शोधणारे विल्यम गोसेट याच कारखान्याचे नोकर! रसायन आणि गणित शिकून १८९९ साली ते इथं लागले. कंपनीला चांगला सातू हवा होता, प्रयोगाचे वाफे मात्र मोजकेच. त्या अडचणीतून ही रीत निघाली. नोकरांनी स्वतःच्या नावानं संशोधन छापू नये असा कंपनीचा नियम होता, म्हणून १९०८ साली त्यांनी ते ‘स्टुडंट’ या नावानं छापलं. आज आपल्याकडे कपाशीचं, तुरीचं, सोयाबीनचं नवं वाण शिफारशीला येतं तेव्हा त्यामागच्या संख्याशास्त्रात या माणसाचं काम असतं. डब्लिनच्या त्या इमारतीत उभा असताना मला आपली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरं आठवत होती. ज्या धंद्याला पीक लागतं तो धंदा पिकाच्या मुळापर्यंत जातो, आणि वर बाहेरच्या माणसाला सगळं उलगडून दाखवतो.

आपल्याकडे काय दिसतं? आपला शेतकरी दिवाळीनंतर कापूस भरून जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी (बी) वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, जातो. रात्र रांगेत काढतो. काटा होतो, पावती मिळते, गाडी रिकामी होते आणि तो माघारी फिरतो. शेडच्या आत काय चालतं ते पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणाऱ्या घरातल्या माणसांनीही पाहिलेलं नाही. वेचणीच्या बायांनी तर नाहीच नाही. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई (सरकी काढलेला कापूस) निघते आणि उरलेली बहुतेक सरकी असते. रुई दाबून बांधलेली गठाण १७० किलोची, म्हणजे एका गठाणीला पाचेक क्विंटल कापूस लागतो. सरकीचं तेल निघतं आणि उरलेली ढेप (पेंड) पुन्हा आपल्याच गोठ्यात येते, विकत. हा हिशेब शेतकऱ्याच्या पोराला डोळ्यांनी दिसला पाहिजे. धाग्याची लांबी कशी मोजतात, ओला किंवा कवडीचा (किडका, डागाळलेला) कापूस मिसळला की रुईचं काय होतं, हे एकदा पाहिलेला माणूस भावाच्या वेळी दोन प्रश्न जास्त विचारेल. मला तेच हवं आहे.

दाखवण्यासारखं आपल्याकडे काही नाही असं कोणी म्हणू नये. हिंगणघाटचा कापूस एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात नावानं ओळखला जायचा. जमशेटजी टाटांनी नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल काढली. कामगारांसाठी पेन्शन फंडासारख्या गोष्टी तिथं एकोणिसाव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. ती गिरणी बंद पडली आणि त्या जागी मॉल उभा राहिला. तिचा एखादा मजला, एखादी सूतकताईची रांग जपली असती तर आज विदर्भातली शाळकरी मुलं तिथं गेली असती. हे मला फार लागतं.

वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चरखा आणि ग्रामोद्योग तिथं पाहायला मिळतात. सेवाग्राम पाहायला देशभरातून माणसं येतात. त्याच माणसांना तासाभराच्या अंतरावर हिंगणघाटला एक चालू जिनिंग-प्रेसिंग का दाखवू नये? धूळ आणि आगीची भीती खरी आहे, रुईला ठिणगी पुरते. म्हणून यंत्रांच्या मधून लोक फिरवायचे नाहीत. वरून काचेआडची एक गॅलरी बांधावी. रुळांच्या जिनमध्ये कापूस पडताना, सरकी खाली गळताना, गठाण आवळली जाताना तिथून दिसावी. समजावून सांगायला सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपुरातल्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राची मदत घेता येईल. तिकीट ठेवा, पण कापूस उत्पादकाला आणि शाळेच्या सहलीला फुकट सोडा.

पर्यटन विभागानं, बाजार समितीनं आणि जिनिंगमालकांनी एकत्र बसून येत्या हंगामात निदान एक ठिकाण ठरवावं, ही माझी जाहीर विनंती आहे. कोणी मालक तयार असतील तर आठवड्यातून दोन दिवस येऊन मुलांना वाण, धागा आणि प्रतवारी समजावून सांगायला मी विनामोबदला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे.

आपला,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक
ता. समुद्रपूर, जि. वर्धा