गुपित सातबाऱ्यात सापडत नाही

छोट्या गावातील कौटुंबिक गुपितांवरच्या मानसशास्त्रीय थरारकथांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. अशा कथेला पडका वाडा आणि वेडसर आत्या लागतेच, हे मत पटले नाही. बार्शी-करमाळ्याकडे भीती कागदात दडलेली असते. पण तिथेही लेखक चुकतात : नायिकेला सातबाऱ्यावरूनच सगळे कळते! सातबाऱ्यावर सध्याचे खातेदार आणि फेरफाराचे, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचे, क्रमांक दिसतात. वारसांतून गाळलेली बहीण शोधायची तर जुना फेरफार आणि गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, काढावी लागते. फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात. ती नोटीस घरात कोणी घेतली, कोण गप्प बसले आणि पुढे दर भाऊबीजेला त्या बहिणीच्या ताटात ओवाळणी कोणत्या मनाने टाकली, हे लिहावे.

– एक वाचक, सोलापूर