क्षेत्रभेट नोव्हेंबरात, पोरं उसाच्या फडात

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका झेडपी शाळेवर शिक्षक आहे, गाव ऊसतोडीला जाणारं, आणि नोकरी सांभाळून एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संशोधन केंद्रात पीएचडी करतोय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, एक तर माझे गाईड तिथंच आहेत, आणि दुसऱ्या विद्यापीठांत शिकणारे मित्र जे सांगतात ते ऐकलं तर नाव बदलून फार काही बदलेल असंही वाटत नाही.

परवा केंद्राच्या ग्रुपवर "वार्षिक उपक्रम नियोजन" अशी पीडीएफ पडली. चार पानं, रंगीत बॉर्डर. ५ सप्टेंबर शिक्षक दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, ११ नोव्हेंबर राष्ट्रीय शिक्षण दिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन, ३ जानेवारी सावित्रीबाई जयंती, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. मी पेन घेऊन दिनविशेष खोडत गेलो, बघू म्हटलं खाली काय उरतं. एक राष्ट्रीय चर्चासत्र, दोन कार्यशाळा, एक क्षेत्रभेट उरली, आणि शेवटच्या ओळीत "संशोधन कार्य – वर्षभर". संशोधन केंद्रात संशोधनाला एक ओळ!

दिनविशेषांशी माझं भांडण नाही. ३ जानेवारीला आमच्या शाळेत पोरी नऊवारी नेसून भाषणं करतात, मलाही आवडतं ते. पण केंद्राने ते करायचं कारण जयंती नसतं, एक्यूएआर असतो. नॅकला, म्हणजे विद्यापीठं-कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, दरवर्षी हा अहवाल जातो, त्यात उपक्रम दाखवावे लागतात, उपक्रमाला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो, ज्यात बॅनर सरळ दिसला पाहिजे. एकदा प्रतिमापूजन झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की लोकेशन ऑन नव्हतं, तर हार काढून परत घातला. हसू नका, मीच धरला होता हार.

बरं, हे सगळं चालवतात कोण, तर कायम प्राध्यापक दोन आणि बाकीचे तासिका तत्त्वावर. तेच शिकवणार, तेच फाईल भरणार, तेच बॅनर छापून आणणार. त्यामुळं त्यांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. पण कोणती गोष्ट कोणत्या महिन्यात घ्यायची हे ठरवायला तर पैसे लागत नाहीत ना, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

माझा विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांची हजेरी आणि वाचन हा आहे. आमच्याकडं दसरा झाला की मुकादमाच्या (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या) गाड्या लागायला लागतात, ज्यांनी उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेत ते निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता (एक जोडी) धरतात, आणि मागं सांभाळायला म्हातारी माणसं नसली की पोरंही बरोबर. दिवाळीनंतर टोळ्याच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं गेलेल्या असतात. काही पोरं हंगामी वसतिगृहाच्या नावावर गावात राहतात, आजीकडं, बाकीच्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि तिकडच्या शाळेत बसतील अशी आशा धरायची. परत येतात ती पाडव्याच्या आगंमागं, कधी त्याच्याही नंतर, आणि मे लागला की शाळेला सुट्टी. म्हणजे ही पोरं मला सलग भेटायची ती जूनच्या मधापासून दसऱ्यापर्यंत, आणि थोडी एप्रिलात. एवढाच काळ.

आता केंद्राचं बघा. माझ्या विषयाला मान्यता मिळाली ऑगस्टमध्ये, प्रश्नावली तज्ज्ञांकडं गेली, तज्ज्ञ पेपर तपासणीत, मग शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी केंद्राचं पत्र पाहिजे, ते पत्र मिळालं तोवर नोव्हेंबर उजाडला आणि माझा निम्मा नमुना, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा ती निम्मी पोरं, आई-बापाबरोबर फडात होती. एक अख्खं वर्ष गेलं. गाईड म्हणाले, विषय जरा बदलून घ्या, शिक्षकांच्या अभिवृत्तीवर (दृष्टिकोनावर) काहीतरी करा, शिक्षक बारा महिने जागेवर असतात. सल्ला व्यवहाराचा होता, पण मग कळलं की आपल्याकडं शिक्षकांच्या अभिवृत्तीवर एवढे प्रबंध का होतात!

आणि हे माझ्यापुरतं नाही. एनएएस, म्हणजे मुलांना किती येतं ते तपासणारं देशपातळीवरचं सर्वेक्षण, झालं १२ नोव्हेंबर २०२१ ला, तसलंच पारख सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला, दोन्ही ऐन हंगामात. तिसरीच्या वर्गाची परीक्षा घेतली तर बाकावर कोण होतं आणि कोण नव्हतं याचा उत्तरावर परिणाम होणारच ना? आमची शाळा नमुन्यात होती का नव्हती ते सोडा. ऊसतोडीच्या तालुक्यांपासून तासाभराच्या अंतरावर जे केंद्र आहे त्याने जुलै-ऑगस्टमध्ये हीच मुलं तपासावीत, परत एप्रिलमध्ये तपासावीत, आणि दोन आकडे शेजारी ठेवून दाखवावेत. याला प्रयोगशाळा लागत नाही, एक एसटीचा पास लागतो आणि आधीच ठरवलेली तारीख.

आरएसीचं, म्हणजे संशोधन सल्लागार समितीचंही तेच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीत दर सत्रात समितीपुढं प्रगती मांडायची असं स्वच्छ लिहिलंय. मला गुरुवारी रात्री मेसेज येतो की शनिवारी सकाळी १० ला या, पीपीटी घेऊन. शनिवारी आमची सकाळची शाळा, शिक्षक दोनच, दुसरे सर ट्रेनिंगला. एकदा गेलो नाही तर "अनुपस्थित" लागलं. या दोन तारखा जूनमध्येच छापल्या तर रजा टाकता येते की. कोर्सवर्कचे १२ क्रेडिटही दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत बसवता येतात, कारण निम्मे संशोधक माझ्यासारखे नोकरीवालेच आहेत.

राहिलं चर्चासत्र. ते दरवर्षी मार्चमध्येच होतं कारण ३१ मार्चच्या आत बिलं लागली पाहिजेत. विषय बहुतेक वेळा एनईपी २०२० (राष्ट्रीय शैक्षणिक धोरण), त्यात सगळंच बसतं. मार्चमध्ये दहावी चालू, हायस्कूलचे शिक्षक परीक्षेच्या ड्युटीवर, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सोडून बाकी सगळे हजर. गेल्या वेळी मला पेपर वाचायला पाच मिनिटं मिळाली, त्यातली दीड पेनड्राइव्ह उघडण्यात गेली. तोच पेपर मी आमच्या केंद्रस्तरीय (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत मांडला, तिथं तीस-पस्तीस शिक्षक, समोसा हातात, तासभर नुसती चर्चा. एका बाईंनी तर माझी हजेरीची मोजणीच चुकीची आहे हे दाखवून दिलं (पटावर नाव ठेवतात पण पोरगं तीन महिने दिसलेलं नसतं, ते मी हजर धरत होतो). अशी शिक्षण परिषद दर महिन्याला होते, विद्यापीठातून तिथं येऊन बसलेला माणूस मी तरी अजून बघितला नाही.

तारखा मुलांच्या जगण्याकडं बघून ठरवायच्या हे काही परदेशातून आणायचं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पोरं गुरांमागं जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. त्यांना कुणी जिओटॅग मागितला नव्हता.

संशोधन केंद्राच्या प्रमुख मॅडमना मी हे तोंडी बोललो, त्या म्हणाल्या लेखी द्या, लेखी दिलं, त्याचं पुढं काय झालं माहीत नाही, म्हणून आता तुमच्याकडं. नियोजनाच्या मीटिंगला एखादा शाळेतला शिक्षक आणि एखादा गटशिक्षणाधिकारी बोलावला तरी पुष्कळ होईल. विषयमान्यता आणि परवानगीची पत्रं मेअखेर हातात द्या, जुलै ते सप्टेंबर आम्हाला शाळांत फिरू द्या, दिनविशेष काय ते तुम्ही बघा.

यंदाच्या पीडीएफमध्ये क्षेत्रभेट आहे १८ नोव्हेंबरला, आणि गंमत म्हणजे शाळा आमचीच निवडलीय. यायचं तर जरूर या, चहापाणी करू, पण पोरं भेटायची नाहीत. ती एक तारीख तेवढी अलीकडं घ्या, पोळा झाला की लगेच चालेल, तेव्हा वर्ग भरलेला असतो.

आपला,
एक झेडपी शिक्षक
(नाव छापू नये ही विनंती)