खेड्यातल्या उपदेशकांची घराणी आणि घराणेशाहीचा आरोप

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे मराठी भाषक ख्रिस्ती मंडळ्यांविषयी, म्हणजे एकेका प्रार्थनामंदिराच्या सभासद समुदायांविषयी, एक पत्र प्रसिद्ध झाले. आजोबा पाळक (मंडळीचे धर्मगुरू), वडील पाळक आणि आता मुलगाही त्याच खुर्चीवर, ही सरळसरळ घराणेशाही आहे आणि पुढाऱ्यांना नावे ठेवणारा समाज आपल्या प्रार्थनामंदिरांत मात्र ती मुकाट्याने चालवून घेतो, असा त्या पत्राचा एकूण सूर होता. शहरांतल्या काही मंडळ्यांपुरते हे म्हणणे मला मान्य आहे. जिथे मोक्याची जमीन आहे, शाळा आहे, भाड्याने दिलेले गाळे आहेत आणि विश्वस्तांच्या निवडणुकीवरून कोर्टकज्जे चालले आहेत, तिथे बापामागून मुलगा का येतो हे सांगायला ज्योतिषी नको. त्यांची वकिली मला करायची नाही. परंतु पत्रलेखकांनी त्याच मापाने खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या उपदेशकांची घराणीही मोजली आहेत, आणि मी तशाच एका घराण्यातली असल्यामुळे त्यावर चार शब्द लिहिणे मला भाग आहे.

गोव्यात ख्रिस्ती माणूस म्हटला की तो कॅथलिक असणार आणि घरात कोकणी बोलणार, असे धरून चालण्याची रीत आहे. मी लग्न होऊन फोंड्याला आले तेव्हा शेजारच्या काकींनी पहिल्याच भेटीत विचारले होते, “तुमी किरिस्तांव, मगीर घरांत मराठी कशी उलयतात?” प्रश्न प्रेमाचा होता. माझे माहेर नेवासे तालुक्यातले. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यात माझे पणजोबा आणि आजोबा ओव्या-अभंगांतून येशूची कथा सांगत गावोगाव हिंडले. गोवा मुक्तीनंतर नोकरीधंद्यासाठी वास्को, फोंडा, म्हापसा या बाजूला येऊन राहिलेल्या मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबांपैकी अनेकांच्या मागे असाच एखादा उपदेशक सापडेल.

ही घराणी कशी उभी राहिली हे थोडे सांगायला हवे. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचे ठाणे झाले. सुरुवातीची काही वर्षे शहरी आणि उच्चवर्णीय माणसांकडे त्यांचे लक्ष होते, पण मंडळी खऱ्या अर्थाने वाढली ती खेड्यांतल्या महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि त्याच्या पाठोपाठ ही वाढ झपाट्याने झाली. मुठीएवढ्या गोऱ्या साहेबांना एवढी खेडी पुरी पडणे शक्यच नव्हते. गावात मिशनची शाळा काढायची, तिच्यावर मंडळीतलाच एखादा शिकलेला तरुण नेमायचा, आठवडाभर त्याने पोरांना मुळाक्षरे आणि पाढे शिकवायचे आणि रविवारी त्याच खोलीत उपासना चालवायची, असा तो बंदोबस्त होता. मास्तर आणि उपदेशक एकच. पगार तुटपुंजा, राहते घर मिशनचे, आणि बदलीचा कागद आला की चूल उचलून दुसऱ्या गावी जायचे. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत साहेबाबरोबर छकड्यातून दौरा. संध्याकाळी चावडीपुढे किंवा पारावर कंदील लावून टाळ-झांजांच्या साथीने भजन आणि कीर्तन, आणि शेवटी शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तकांची विक्री. या नोकरीत मुलाच्या नावावर चढवण्याजोगे काय होते, हे पत्रलेखकांनीच सांगावे.

माझ्या आजोबांची एक वही माझ्याकडे आहे. लाल कापडाची बांधणी, कडा कसरीने खाल्लेल्या, आणि आत उधळ्या पुत्राचे आख्यान. पूर्वरंगाला अभंग, मग निरूपण, मग कथा. साकी, दिंडी, आर्या ही छंदांची नावे तांबड्या शाईत लिहिलेली आहेत आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर “चाल” म्हणून त्या काळी तोंडोतोंडी असलेल्या एखाद्या भजनाची किंवा नाटकातल्या पदाची सुरुवात दिली आहे. मूळ आख्यान पणजोबांचे होते आणि आजोबांनी ते उतरवून घेतले, पण उतरवताना ते आपल्या गावांना लावून घेतले. बायबलमध्ये घर सोडून गेलेला धाकटा मुलगा पैसा उडवून झाल्यावर परमुलखात डुकरे राखतो. आजोबांच्या वहीत तो दुष्काळी कामावर खडी फोडतो आणि मुकादम त्याची हजेरी कापतो. ज्या श्रोत्यांनी स्वतः खडी फोडली होती त्यांना याहून जास्त फोड करून सांगायची गरज पडली नसावी. मुलगा वाटणी मागतो त्या जागी समासात बारीक अक्षरांत टीप आहे: “इथे थांबावे, बायका बोलतात.” वहीच्या शेवटच्या पानांवर हिशोब आहेत. जोंधळे दीड पायली, कांदे, एक कोंबडी, रॉकेल उधार. मंडळीतल्या बाया रोज दळणापूर्वी मूठभर धान्य उपदेशकासाठी बाजूला काढत, त्याची ती जमा.

बापाकडून मुलाकडे गेले ते हे. पुढे आजोबांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, पण गावात त्यांची ओळख शेवटपर्यंत कीर्तनवाले मास्तर अशीच राहिली. गोव्यात देवस्थानांच्या उत्सवांत कीर्तन ऐकणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. कीर्तनकाराच्या मुलाने वडिलांची आख्याने पाठ केली, झांज कधी थांबवायची आणि श्रोता कुठे हसतो हे लहानपणी मागे उभे राहून शिकून घेतले, तर आपण त्याचे कौतुक करतो. उपदेशकाच्या मुलाने हेच केले तर तेवढी घराणेशाही कशी?

आता माझी खरी तक्रार, आणि ती पत्रलेखकांविरुद्ध कमी व आमच्याच मंडळ्यांविरुद्ध जास्त आहे. आमच्या घराण्याच्या पिढ्या मोजताना पणजोबा, आजोबा, थोरले काका असे पुरुषच मोजले जातात. मिशनने पगार दिला तो एका माणसाला, काम मात्र दोघांकडून झाले. माझी आजी दुपारी, पुरुषमाणसे शेतावर असताना, घरोघर जाऊन बायांना वाचायला शिकवी, आजाऱ्यांजवळ बसे, अडलेल्या बाईच्या बाळंतपणाला रात्री-अपरात्री जाई. तिला जात्यावरच्या ओव्या येत असत आणि त्याच चालीवर तिने येशूच्या जन्माच्या ओव्या केल्या होत्या. त्यांतल्या थोड्याफार माझ्या आत्याला आठवतात, बाकीच्या आजीबरोबर गेल्या. बायबलबाई (बायांना बायबल वाचून दाखवणारी) म्हणून काही स्त्रियांना वेगळे मानधन असे, पण उपदेशकाच्या पत्नीने केलेले काम त्याच्या पगारातच धरलेले असे. मंडळीच्या दप्तरात माझ्या आजीचे नाव विवाहाच्या नोंदीत आहे आणि दफनाच्या नोंदीत आहे, मधल्या काळात कुठेही नाही.

याउलट मिशनरी घराण्यांचे पाहा. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये आले, त्यांचे चिरंजीव रॉबर्ट अॅलन ह्यूम मुंबईत जन्मले आणि त्यांनी हयात नगरला घालवली. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या फेअरबँक घराण्यातही बापाचे काम मुलांनी पुढे चालवले. या सर्वांची माहिती अहवालांत, पत्रांत, छायाचित्रांत व्यवस्थित मिळते आणि त्यांच्या पिढ्यांना कोणी घराणेशाही म्हणत नाही, सेवेची परंपरा म्हणतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. पण ज्या छकड्यातून साहेब गेले त्याच छकड्यात पुढे बसून रस्ता दाखवणारा आणि गावात शिरल्यावर पहिले पद म्हणणारा उपदेशक अहवालात बहुधा “एक स्थानिक सहायक” एवढाच उरतो.

टिळकांचे उदाहरण कोणी पुढे करील. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा आपला भक्तसमुदाय उभा केला, आणि त्यांची पदे आजही रविवारी आम्ही ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून गातो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर ‘स्मृतिचित्रे’त त्या संसाराचे दोन्ही हातांनी चित्र काढून ठेवले. परंतु टिळक कवी होते, संपादक होते, आणि लक्ष्मीबाईंसारखी लेखिका शंभर वर्षांत एखादीच होते. बाकीच्या घरांतल्या लक्ष्मीबाईंना लिहायला ना वेळ होता ना कागद.

पुढे ही घराणी थांबली याची कारणेही साधी आहेत. गावोगाव सरकारी शाळा झाल्या, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, मिशनच्या छोट्या शाळा एकेक करून मिटल्या आणि मास्तर-उपदेशक या जोडनोकरीतला मास्तर वेगळा झाला. नुसत्या उपदेशकाला पोसण्याची ऐपत खेड्यातल्या मंडळीत नव्हती. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. तेव्हा मुलाने नोकरी शोधावी की वडिलांची झांज उचलावी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले होते. माझ्या वडिलांनी झांज उचलली नाही. थोरल्या काकांनी उचलली, आणि काकूंनी शिलाई मशीन चालवून त्यांना ती उचलू दिली. काकांच्या मुलांपैकी कोणीही पूर्णवेळ सेवेत नाही. ज्या घराणेशाहीवर आक्षेप आहे, ती खेड्यांत अशी आपसूक संपत आली आहे.

हे सगळे गोव्यातल्या वर्तमानपत्रात लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, त्यांनी साष्टीत आयुष्य काढले आणि ‘क्रिस्तपुराण’ हा दहा हजारांहून अधिक ओव्यांचा मराठी ग्रंथ रचला. तो १६१६ मध्ये राशोलला छापला गेला आणि त्या शतकात आणखी दोनदा छापला गेला, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज मिळत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. माणसांनी तो हाताने उतरवला, जपला, आणि १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी अशी हस्तलिखिते जमवूनच त्याची आवृत्ती काढली. ज्यांनी त्या प्रती उतरवल्या त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्यापर्यंत आलेली नाहीत. कॅथलिक धर्मगुरू अविवाहित, त्यामुळे तिथे परंपरा काकाकडून पुतण्याकडे आणि मामाकडून भाच्याकडे जाते, आणि धर्मगुरूंच्या संघाचे दप्तर तिची काळजी घेते. बाणावलीला जन्मलेले संत जुझे वाज डच अमदानीतल्या श्रीलंकेत वेष पालटून गावोगाव कसे फिरले आणि त्यांच्यामागून दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस कसे गेले, हे आपल्याला कळते ते त्यामुळेच. आमच्या उपदेशकांमागे असे दप्तर नाही. त्यांच्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत आणि गोव्याच्या पावसाळी हवेत कागद किती दिवस तग धरतो हे इथल्या वाचकांना ठाऊक आहे.

म्हणून दोन विनंत्या. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने जुन्या हस्तलिखितांबरोबर विसाव्या शतकातल्या या साध्या वह्याही स्कॅन करून ठेवाव्यात. त्या मराठीतल्या आहेत, त्यांत छंद आहेत, चाली आहेत, दुष्काळाचे आणि बाजारभावाचे दाखले आहेत, आणि ख्रिस्ती नसलेल्या अभ्यासकालाही त्या उपयोगी पडतील. माझ्याकडची वही मी द्यायला तयार आहे. अट एवढीच की काम झाल्यावर ती परत मिळावी, कारण माझा चुलतभाऊ नोकरी सांभाळून नाताळात अजून तिच्यातले आख्यान लावतो. दुसरी विनंती आमच्या मराठी मंडळ्यांना आहे. आपापल्या उपदेशकांच्या नोंदी त्यांनी आताच, सांगणारी माणसे आहेत तोवर, लिहून काढाव्यात. त्या करताना त्याच्या पत्नीचे नाव, तिचे माहेर आणि ती गावात काय काम करीत असे, हे तीन रकाने रिकामे असतील तर ती नोंद पुरी झाली असे समजू नये.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक, फोंडा, गोवा