वाद्याशेजारी त्याची मापंही लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीच्या दिवशी घरी जुनी, आता फारशी कुठे न दिसणारी वाद्यं बनवायचा मला छंद आहे. गेली दोन वर्षं ट्रोम्बा मरीना या युरोपीय वाद्यामागे लागले आहे, आणि त्यावरून संग्रहालयांना एक विनंती करायची आहे.

नावात तुतारी असली तरी हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य. माणसाहून उंच, वर निमुळती होत गेलेली लाकडी पेटी आणि तिच्यावर तातीची एकच जाड तार. ती दाबायची नाही, अंगठा नुसता टेकवायचा आणि गज अंगठ्याच्या वरच्या बाजूला ओढायचा. अर्ध्यावर टेकवला की तार षड्ज, तिसऱ्या हिश्श्यावर त्याच्यावरचा पंचम, चौथ्यावर अतितार षड्ज, पाचव्यावर गंधार. तुतारीचे स्वर असेच लागतात. जर्मनीत मठातल्या नन हे वाजवत, म्हणून 'ननचं व्हायोलिन' असंही त्याचं एक नाव आहे.

सगळी गंमत घोडीत, म्हणजे तार उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्यात आहे. तिचा एक पाय तबलीवर, म्हणजे पेटीच्या पुढच्या पातळ फळीवर रोवलेला, दुसरा जेमतेम टेकलेला. गज फिरला की हा मोकळा पाय तबलीवर थरथरत आपटतो आणि तुतारीसारखा झणझणीत आवाज निघतो. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याला हे लगेच उमजेल. माझ्या पहिल्या घोडीचा पाय जड झाला, हलेचना. दुसरीचा इतका हलका की पत्र्यावर खडे पडल्यासारखा खडखडाट. पाचव्या घोडीला बारीक पॉलिश पेपरचे दोन हात मारले, तार केसभर सरकवली आणि सगळी खोली वाजू लागली! त्या दिवशी मी जेवायचंही विसरले. तार अशी बाजूला ओढायला जुने कारागीर एक बारीक दोरी आणि खुंटी लावत, हे मला नंतर कळलं.

एका संग्रहालयात हेच वाद्य काचेआड पाहिलं. पाटीवर नाव, देश, शतक. तबलीची जाडी विचारणारं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. जर्मन संगीतकार मिखाएल प्रेटोरियस यांनी १६२० साली वाद्यांची चित्रं छापली, तेव्हा चित्रांसोबत मोजपट्टीही दिली होती! त्यांच्या चित्रांवरून आजही लोक वाद्यं बनवतात. पण लाकडाची जाडी चित्रात दिसत नाही. घोडीचं तर आणखी कठीण. ती चिकटवलेली नसते, तारेच्या दाबावर उभी असते. तार उतरली की सुटते आणि हरवते.

काही संग्रहालयं मोजून काढलेले आराखडे देतात, त्यांचे आम्हा हौशी मंडळींवर उपकार आहेत. बाकीच्यांनी निदान एवढं द्यावं: तबलीची जाडी चार-पाच ठिकाणची, तारेची लांबी, आणि मूळ घोडी असलीच तर तिचं वजन व दोन्ही पायांची रुंदी. एका पोस्टकार्डावर मावेल.

आपली,
एक हौशी वाद्यकार